येणे म्हणजे पैसा नव्हे

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या उपासक-उपासिका मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला गौरवाचं आणि आनंदाचं बोलावं अशी आपली रीत आहे. पण संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो नोकरी गेल्यानंतरच्या घरखर्चाचा आणि कर्जाचा. विषय रुक्ष आहे, पण या मंडपात बसलेल्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे. आपल्यातले कुणी स्टेशनजवळच्या तेलाच्या डेपोत कंत्राटदाराकडे आहेत, कुणी टँकरवर क्लीनर आहेत, कुणी हडपसरच्या कारखान्यात, कुणी कुरकुंभच्या एमआयडीसीत, तर कुणी मगरपट्ट्यात सिक्युरिटीला. कंत्राट बदललं की माणूस बदलतो. आज गेटवर चालणारा पास उद्या चालत नाही. तेव्हा नोकरी जाणे हा कुणा एकाच्या नशिबाचा भाग आहे, असे समजण्याचे कारण नाही. पाऊस येणार हे ठाऊक असताना घर शाकारून ठेवावं, तशी याची तयारी हवी.

आम्ही म्हणजे विहारातले चार-पाच जण. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी शाळेत शिकवणारे, कुणी बचत गट चालवणाऱ्या ताई. अडचणीत आलेल्या घरांबरोबर बसून आम्ही त्यांचा हिशोब मांडून देतो. कुणाचं नाव बाहेर जात नाही, आजही जाणार नाही. पण अशा अनेक वह्या पाहिल्यावर एक गोष्ट आमच्या पक्की लक्षात आली. पगार बंद झाला म्हणून घर लगेच बुडत नाही. घर बुडते ते "आज ना उद्या" या शब्दांवर. आज ना उद्या काम सुरू होईल, आज ना उद्या थकलेला पगार मिळेल, साहेबांनी शब्द दिलाय. या आशेवर घरखर्च पहिल्यासारखाच चालतो आणि मधली फट कर्जाने बुजवली जाते. येणे म्हणजे पैसा नव्हे, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे. बाकीचे सगळे त्यातूनच निघते.

उदाहरण शोधायला लांब जायला नको. थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. अण्णासाहेब मगरांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा कारखाना म्हणजे एके काळी पूर्व हवेलीचा कणा. हंगामात सोलापूर रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग लागायची. २०११ च्या सुमारास त्याचे गाळप थांबले. मागे राहिले ते कामगारांचे थकलेले पगार आणि इतर देणी, शेतकऱ्यांच्या उसाचे पैसे आणि बँकांची कर्जे. त्यानंतर प्रत्येक वर्षी कारखाना सुरू होणार अशी चर्चा झाली. संचालक मंडळाची निवडणूक झाली ती २०२४ साली. जमीन विकून देणी भागवण्याचा प्रश्न २०२५ सालीही गाजत होता. आता विचार करा. कारखाना बंद पडला त्या वर्षी पहिलीत बसलेलं पोर तोपर्यंत बारावी होऊन कॉलेजात गेलं! ते येणे खरे होते, कायद्याने हक्काचे होते, ते मागायलाच हवे होते. पण त्या येण्यावर कुणी दुकानदाराची उधारी वाढवली असेल, तर दुकानदार काही तेरा वर्षे थांबत नाही.

त्याच्या आधी मुंबईने हेच पाहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिना-दोन महिन्यांत मिटेल असे वाटणारा तो संप रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीरच झाले नाही. कामगारांची मागणी न्याय्य होती, त्यावर आम्ही बोलत नाही. आम्ही बोलतो ते चाळीतल्या खोलीबद्दल. ज्या घराने पहिल्या काही महिन्यांत गावची वाट धरली, भाजीची पाटी लावली, शिवणयंत्र चालवले, ते घर ओढाताण करून का होईना, तगले. ज्या घराने भोंगा वाजण्याची वाट पाहिली त्या घरातली आधी भांडी गेली, मग डाग गेले, मग खोली गेली.

आणि आपल्या बाबासाहेबांचं काय? परदेशातून एवढं शिकून आलेला माणूस. १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाला आणि जातीपायी राहायला खोली मिळेना म्हणून थोड्याच दिवसांत ती सोडून मुंबईला परतला. घरात खाणारी तोंडं होती. बाबासाहेबांनी खासगी शिकवण्या केल्या. गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, तोही जात कळल्यावर चालला नाही. १९१८ च्या अखेरीस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळेपर्यंत त्यांनी मिळेल ते काम केले आणि रमाईंनी मिळेल त्यात घर चालवले. आपल्या शिक्षणाला शोभेल अशी जागा मिळेपर्यंत ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. आज आपला आयटीआय झालेला मुलगा "मी फिटर आहे, हमाली कशी करू" असं म्हणतो, तेव्हा त्याला ही गोष्ट सांगावी.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते पाहू.

पहिली गोष्ट, घरात सांगा. ज्या दिवशी काम सुटलं त्याच दिवशी सांगा. बरेच पुरुष दहा-पंधरा दिवस डबा घेऊन बाहेर पडतात आणि स्टेशनवर नाहीतर हडपसरच्या बागेत बसून संध्याकाळी घरी येतात. लाज वाटते म्हणून. पण त्या पंधरा दिवसांत बाई नेहमीसारखं सामान भरते, मुलगा सहलीचे पैसे मागतो, आणि बाप गपचूप मित्राकडून पाच हजार घेतो. कर्जाची पहिली वीट इथे बसते. काम जाणे हा गुन्हा नाही. लपवणे मात्र महागात पडते, आणि एकट्याने ओझं वाहणारा माणूस आतून खचत जातो ते वेगळंच.

दुसरी गोष्ट, वही घ्या आणि दोन रकाने पाडा. एका रकान्यात "हातात आहे", दुसऱ्यात "येणे आहे". थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, बोनस, मेव्हण्याला दिलेले उसने, हे सगळे दुसऱ्या रकान्यात. घर चालवायचे ते फक्त पहिल्या रकान्यावर. दुसऱ्यातले जेव्हा खरेच हातात पडेल तेव्हाच इकडे लिहायचे.

समजा, पाच माणसांचे एक घर आहे. कर्त्याचा पगार १८,००० होता, बाईचे धुण्याभांड्याचे ६,००० येतात. खर्च असा: घरभाडे ४,५००, किराणा आणि गॅस ७,०००, दूध-भाजी २,५००, वीज आणि मोबाइल १,२००, शाळा-क्लास २,३००, औषध ८००, जाणे-येणे १,७००. झाले २०,०००. वर गाडीचा हप्ता २,४०० आणि बचत गटाचा १,०००. एकूण २३,४००. पगार होता तेव्हा महिन्याला ६०० उरत होते. पगार गेला की महिन्याला १७,४०० ची तूट. हातात शिल्लक २२,०००.

हे घर तीन महिने "आज ना उद्या" म्हणत बसले तर तूट होते ५२,२००. शिल्लक संपून वर ३०,००० च्या पुढे कर्ज. ते जर शेकडा दहाने महिन्याच्या बोलीवर घेतले, तर नुसते व्याजच महिन्याला ३,०००. म्हणजे पुढे नोकरी लागली तरी तिचा पहिला वाटेकरी सावकार.

आता तेच घर पहिल्याच आठवड्यात हलले तर? रेशनचे धान्य नीट उचलून किराणा ५,५०० वर आणला, दूध-भाजी २,००० वर, मोबाइलचे एक रिचार्ज बंद करून ३०० वाचवले, एक क्लास बंद करून १,००० वाचवले, जाणे-येणे बसने करून ७०० वर आणले. वाचले ४,३००. गाडी विकून तिचे राहिलेले कर्ज फेडले, २,४०० चा हप्ता बंद. कर्त्याने नर्सरीत, गोदामात, मंडईत, जिथे मिळेल तिथे ४५० रुपये रोजाने महिन्यात वीस दिवस काम केले, आले ९,०००. तूट राहिली १,७००. तीच २२,००० ची शिल्लक आता वर्षभर पुरते. चांगली नोकरी शोधायला वर्ष मिळाले, आणि डोक्यावर नवे कर्ज नाही. घर तेच, माणसे तीच. फरक पडला तो पहिल्या आठवड्याने.

यात आम्ही शाळेला हात लावला नाही, हे बघा. पोराला शाळेतून काढणे ही काटकसर नव्हे. उलट उत्पन्न घटले की तहसील कचेरीतून उत्पन्नाचा नवा दाखला काढा. दहावीनंतरच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा आहे. पगार होता तेव्हा जे घर त्या मर्यादेच्या बाहेर होते, ते आता आत येऊ शकते. तसेच आजारपणाचे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. दवाखान्यासाठी कर्ज काढण्याआधी रुग्णालय योजनेत आहे का, हे विचारा.

तिसरी गोष्ट, कोणते देणे आधी फेडायचे? आपल्याकडे जो जास्त ओरडतो त्याला आधी देतात. हे चुकीचे आहे. आधी जेवण, भाडे, वीज, औषध. मग ज्याचे व्याज सर्वांत जास्त ते कर्ज. नातेवाईकाला, दुकानदाराला, बँकेला स्वतःहून जाऊन सांगा की काम सुटलंय, एवढंच देऊ शकतो, अमुक तारखेला देऊ. आणि त्या तारखेला शंभर रुपये का होईना, नेऊन द्या. तोंड चुकवणाऱ्याची पत जाते, थोडं देणाऱ्याची टिकते. बँकेने हप्ता पुढे ढकलायची सवलत दिली तर ती घ्यावी, पण व्याज चालूच राहते हे विसरू नये. २०२० च्या टाळेबंदीत मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिन्यांची सवलत मिळाली होती. हप्ता माफ झाला असे अनेकांना वाटले. पण तो फक्त लांबला होता.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरे कर्ज काढू नका. बाई एका कंपनीच्या गटात, तिचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीच्या गटात, मग मोबाइलवरच्या कर्जात, अशी साखळी आम्ही पाहिली आहे. ही साखळी कुठे जाते हे तथागतांनी कधीच सांगून ठेवले आहे. अंगुत्तर निकायातल्या इण सुत्तात त्यांनी पायऱ्याच मांडल्या आहेत: दारिद्र्य, त्यातून कर्ज, कर्जावर व्याज, मग तगादा, मग पाठलाग, आणि शेवटी बंधन. अडीच हजार वर्षांत यातली एकही पायरी बदललेली नाही. आणि दीघजाणू या गृहस्थाला उपदेश करताना त्यांनी चार गोष्टी सांगितल्या: कष्टाने मिळवणे, मिळवलेले सांभाळणे, चांगल्या माणसांची संगत, आणि समजीविता म्हणजे आवक बघून जावक ठेवणे. सोनार तराजू धरतो तसे गृहस्थाने आवक-जावकीचे पारडे पाहावे. आपली दोन रकान्यांची वही म्हणजे तोच तराजू.

चौथी गोष्ट, आपले हक्क माहीत असू द्या. अडलेला माणूस कागद न वाचता अंगठा देतो.

महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा नवा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शासनाने २०१४ साली ठरवून दिलेला व्याजाचा कमाल दर बिगरशेती, विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्के होता. वर्षाला, महिन्याला नव्हे! म्हणजे ३०,००० वर वर्षाचे ५,४००. शेकडा दहाच्या बोलीने तेच व्याज होते ३६,०००. कोरा चेक, कोरा स्टँप, एटीएम कार्ड, घराचे किंवा जमिनीचे खरेदीखत कुणालाही कर्जापोटी देऊ नका. दिले असेल तर सहकार खात्याच्या तालुक्यातील सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे लेखी तक्रार करा. सावकारीतून बळकावलेली जमीन परत देण्याचा अधिकार या कायद्याने जिल्हा उपनिबंधकाला दिलेला आहे.

गटकर्ज देणाऱ्या कंपन्यांनाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा घराचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर संपर्क करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यांसमोर अपमान यांना मनाई आहे. कंपनीकडे लेखी तक्रार करून दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळतो. त्याचा क्रमांक १५१००.

आता कामगाराच्या स्वतःच्या पैशाविषयी. सलग पाच वर्षे नोकरी झाली असेल तर दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराप्रमाणे ग्रॅच्युइटी मागा. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने एका वर्षानंतरही हा हक्क दिला आहे. मागणी तोंडी नको, लेखी करा आणि पोच घ्या. काम सुटताना पगाराच्या पावत्या, ओळखपत्र, पीएफचा क्रमांक, ईएसआयचा क्रमांक हे सगळं जपून ठेवा. पीएफ हा शेवटचा आधार आहे. काढायचाच असेल तर लागेल तेवढाच काढा. त्यातून घरावर मजला चढवू नका, मुलीचं लग्न थाटात लावू नका. आणि पेन्शनचं लक्षात ठेवा. १९९५ पासूनच्या योजनेत एकूण दहा वर्षे सेवा भरली तर पेन्शन मिळते. दहा भरायच्या आत नोकरी सुटली आणि पेन्शनची रक्कमही काढून घेतली, तर ती वर्षे पुसली जातात. त्याऐवजी योजनेचा दाखला घेतला तर ती वर्षे पुढच्या नोकरीला जोडता येतात. आठ-आठ वर्षांच्या दोन नोकऱ्या करून पेन्शन न मिळालेली माणसे आहेत, ती केवळ हे माहीत नसल्यामुळे.

शेवटी थोडं आपल्या समाजाविषयी बोलतो. एकट्या घराने सगळं पेलावं असं म्हणणं बरोबर नाही. गिरणगावात खानावळ चालवून कामगारांना जेवू घालणाऱ्या बाया किराणा दुकानदाराच्या आणि सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. एकीला बँक दारात उभी करत नव्हती, पण दहा-बारा जणी एकमेकींच्या जामीन झाल्यावर बँकेने कर्ज दिले. आपल्या वस्तीतले बचत गटही हेच करू शकतात. गटातून शेकडा दोनने मिळालेले पैसे सावकाराच्या शेकडा दहापेक्षा केव्हाही बरे, आणि व्याजही आपल्याच गटात राहते. मात्र गटाचे पैसे बारशाला आणि डीजेला न देता अडलेल्या घराला आधी द्यावेत.

आणि एक विनंती जयंती मंडळाच्या तरुणांना. ज्याचं काम सुटलंय त्याच्या दारात वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन जाऊ नका. गेलात तरी "काका, यंदा तुम्ही श्रमदान करा" म्हणा. माणूस वर्गणी नाही म्हणू शकत नाही, तो उसने आणून देतो. लग्नाचंही तसंच. विहारात साधेपणाने मंगल परिणय लावणाऱ्या घराला आपण मान दिला, तर कर्ज काढून मांडव घालायची पाळी कुणावर येणार नाही. कर्जाचं निम्मं ओझं पैशाचं असतं, निम्मं लोक काय म्हणतील याचं. पैशाचं ओझं त्या घराने उतरवावं, दुसरं आपण सगळ्यांनी मिळून उतरवावं.

तेव्हा ज्या घरातलं काम सुटेल त्या घराने पहिल्याच आठवड्यात विहारात यावं. नवरा-बायको दोघांनी यावं, येताना वही आणावी आणि असतील ते सगळे कागद आणावेत. आम्ही पैसे देऊ शकणार नाही, तेवढी आमची ऐपत नाही. पण दोन रकाने पाडून देऊ, अर्ज लिहून देऊ, सोबत निबंधकाच्या कचेरीत येऊ. थकलेल्या पगारासाठी जरूर लढू या, मोर्चाही काढू या. पण त्या दिवशीची चूल हातातल्या पैशावरच पेटवू या.